मुरूम: पहिले तीन महिने कसे काढायचे

मुरमाचं गिऱ्हाईक मला लांबूनच कळतं. दुकानात दुसरं कुणी असेल तर ते पायरीवर मोबाइल बघत थांबतं. गर्दी ओसरली की आत येतं आणि हळूच म्हणतं, "काकू, चेहऱ्यासाठी एखादी ट्यूब द्या ना. लवकर जायला पाहिजेत, रविवारी ताईचं लग्न आहे." आमचं मेडिकल तालुक्याच्या गावी आहे. मी फार्मासिस्ट, १८ वर्षं काउंटरच्या मागे उभी आहे. त्याआधीची सहा-सात वर्षं काउंटरच्या पलीकडे, हनुवटीवर ओढणी धरून उभी असायचे. ज्यांना मुरूम नुकतेच यायला लागलेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, आणि त्यांच्या आयांसाठीही.

रविवारच्या लग्नापर्यंत फारसं काही होणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

आधी कॅलेंडर, मग ट्यूब

त्वचेतल्या केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना ॲण्ड्रोजन हार्मोन्स वाढतात, मुलींच्याही अंगात, आणि ग्रंथी जास्त तेल सोडायला लागते. त्याच सुमारास छिद्राच्या आतली मेलेली कातडी नीट झडत नाही. ती तेलात चिकटते आणि छिद्राला बूच बसतं. बूच उघडं राहिलं की ब्लॅकहेड, वरून कातडीने झाकलं गेलं की व्हाइटहेड. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो, त्यामुळे तो घासून जात नाही. कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू पोसतात, शरीर त्यांच्याशी भांडतं, मग लाली येते, पू होतो, ठणका लागतो. काहींना तर गालाच्या आत खोल गाठ येते, दिसते कमी आणि दुखते जास्त.

कळीची गोष्ट अशी की आज आरशात दिसणाऱ्या मुरमाचं बूच साधारण ६ ते ८ आठवड्यांपूर्वीच बसलेलं असतं. तुम्ही आज औषध लावाल ते मुख्यतः पुढच्या मुरमांवर काम करेल. आधीच वाटेवर असलेले मुरूम वर येणारच. म्हणजे मुरमाचं वेळापत्रक दोन महिन्यांचं आणि आपला धीर दहा दिवसांचा, तिथेच सगळं बिनसतं. दहाव्या दिवशी ट्यूब बदलली, विसाव्या दिवशी मैत्रिणीची आणली, महिन्याने रीलमधलं सीरम मागवलं, तर एकाही औषधाला त्याचे दिवस मिळत नाहीत.

म्हणून मी प्रत्येकाला एकच काम सांगते. भिंतीवरच्या कालनिर्णयवर औषध सुरू केलं त्या तारखेला गोल करा आणि तिथून बारा आठवडे मोजून दुसरा गोल करा. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीपाशी, सकाळच्याच उजेडात, फिल्टर न लावता एक फोटो काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही, फोटोत कळतो. मुरूम चिघळत गेले किंवा खोल गाठी यायला लागल्या तर मात्र दुसऱ्या गोलाची वाट बघू नका, सरळ डॉक्टर गाठा.

धुणं, मऊ ठेवणं, उन्हापासून झाकणं

चेहरा दिवसातून दोनदा धुवा, आणि घाम गाळून आलात तर तिसऱ्यांदा. सौम्य फेसवॉश पुरतो. तेलकट त्वचेला सॅलिसिलिक ॲसिडचा चालतो, पण तो रोज झेपतो का ते बघा. धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटली म्हणजे चेहरा स्वच्छ झाला असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर ती कोरडी पडलेली असते. अक्रोडाच्या कणांचे स्क्रब, डाळीचं पीठ लावून खसाखसा घासणं, दिवाळीतलं उटणं मुरमांवरून रगडणं, हे सगळं बंद. उटणं लावायचंच असेल तर हातापायांना लावा, नरकासुर काही मनावर घेणार नाही.

तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. मुरमांची बहुतेक औषधं कातडी कोरडी करतात, आणि कोरडी कातडी झोंबली की माणूस औषधच सोडून देतो. म्हणून हलकं, जेलसारखं, डबीवर 'नॉन-कॉमेडोजेनिक' (म्हणजे छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं मॉइश्चरायझर घ्या. सकाळी त्यावर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबवर रेघ ओढून जेवढं येईल तेवढं, चेहरा आणि मानेला मिळून. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर मुरूम बसल्यानंतरही तपकिरी डाग महिनोन्‌महिने रेंगाळतो आणि ऊन त्याला आणखी गडद करतं. डागासाठी क्रीम मागायला येणारे पुष्कळ, त्यातले सनस्क्रीन लावणारे थोडेच.

आता तेल. रविवारी न्हायच्या आदल्या रात्री डोक्याला खोबरेल चोपडायचं आणि तसंच झोपायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. ते तेल उशीवर उतरतं, उशीवरून गालावर आणि केसांच्या रेषेवरून कपाळावर. फक्त कपाळावर आणि कानशिलांजवळ बारीक बारीक पुटकुळ्या असतील तर मी आधी तेलाचीच चौकशी करते. तेल सोडा असं मी म्हणत नाही, आईशी भांडण लावायचं नाही मला. न्हायच्या तासभर आधी लावा, केस मागे बांधा, कपाळ पुसून घ्या आणि रात्रभर ठेवू नका. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला.

सहाणेवरचं जायफळ आणि इतर मंडळी

जायफळ दुधात उगाळून लावलं की मुरूम बसतो, असं माझी आजी छातीठोक सांगायची. एखादा मुरूम तसाही चार-पाच दिवसांत बसतो, श्रेय जायफळाला जातं. जायफळाने क्वचित कुणाला जळजळ होते, एरवी फार बिघडत नाही. चंदन, मुलतानी माती यांचंही तसंच, माती फक्त कातडी कोरडी करते. खरी धास्ती मला तीन गोष्टींची वाटते: लिंबू, खायचा सोडा आणि टूथपेस्ट. लिंबू लावून उन्हात गेल्यावर गालावर उमटलेले काळपट ओघळ मी पाहिलेत. सोडा कातडीचं आम्लपण मोडतो. टूथपेस्टने मुरूम सुकल्यासारखा वाटतो, कारण ती कातडी भाजते. मुरमाचा डाग गेला असता, भाजल्याचा राहतो.

एक ट्यूब, वाटाण्याएवढी

सुरुवातीच्या, साध्या मुरमांसाठी दोन औषधांवर जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ भर देतात: बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापलीन. पहिलं जिवाणू मारतं आणि त्याला जिवाणू सरावत नाहीत. दुसरं रेटिनॉइड गटातलं, ते बूच बसूच देत नाही. अमेरिकेत ०.१ टक्का ॲडापलीन २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. तिकडे शिकायला गेलेली आमच्या गावची मुलं ते दुकानातून उचलून आणतात आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विचारतात, "काकू, हे कसं लावू?" इथे मात्र ते डॉक्टरांना दाखवून घ्या. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर ॲडापलीन लावायचंच नाही. अशा वेळी डॉक्टर बहुधा ॲझेलिक ॲसिड देतात.

लावायची रीत मी काउंटरवरच करून दाखवते. मध्यंतरी बारावीतला एक मुलगा आला होता, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. त्याला विचारलं, किती लावणार? त्याने बोटाचं अख्खं पेर भरून दाखवलं, टूथब्रशवर पेस्ट घेतात तसं. मी पावतीच्या पाठीमागे पेनाने हिरव्या वाटाण्याएवढा गोल काढला. "एवढं. सगळ्या चेहऱ्याला मिळून एवढंच." मग पाच ठिपके: कपाळ, दोन गाल, नाकाचा शेंडा, हनुवटी. ते हलक्या हाताने पसरायचं. फक्त मुरमावर नाही, मुरूम जिथे येतात त्या सगळ्या भागावर, कारण उद्याचा मुरूम आज दिसत नाही. डोळ्यांच्या कडा, ओठांचे कोपरे, नाकपुडीची खाच तेवढी सोडायची.

"काकू, म्हणजे ही ट्यूब दोन महिने जाईल?" तो म्हणाला. जाईल, आणि मला त्याचं दुःख नाही.

ॲडापलीन रात्रीच लावा. चेहरा धुतल्यावर पंधरा-वीस मिनिटं पूर्ण सुकू द्या, ओल्या कातडीवर ते जास्त झोंबतं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. फारच सोलपटं निघाली तर आधी मॉइश्चरायझर, मग जेल, मग पुन्हा मॉइश्चरायझर. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात मुरूम वाढल्यासारखे वाटू शकतात, कारण आत दबलेले एकदम वर येतात. बहुतेक लोक नेमके इथेच सोडून देतात.

बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, ५ टक्के, १० टक्के असं मिळतं. पहिल्यांदा २.५ टक्केच घ्या. चेहऱ्यासाठी कमी टक्क्याचंही तेवढंच काम करतं आणि जळजळ कमी. ते कापडाचा रंग उडवतं, त्यामुळे टॉवेल आणि अभ्रा पांढरा ठेवा. आईची पैठणी जवळपास असेल तर हात दोनदा धुवा.

क्लिंडामायसिनचं जेल एकटं कुणी देत असेल तर विचारा. अँटिबायोटिक एकटं लावत राहिलं की जिवाणू त्याला सरावतात, म्हणून सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असावं लागतं.

जी ट्यूब चार दिवसांत गुण देते

हा भाग जरा सावकाश वाचा.

मी एकोणीस वर्षांची होते. एका मेडिकलवाल्याने मला एक छोटी ट्यूब दिली, "चार दिवसांत चेहरा चकाकेल" म्हणाला. आणि चकाकला. मुरूम बसले, रंग उजळला, कॉलेजात सगळ्या विचारायला लागल्या. मी चौघींना तीच ट्यूब घ्यायला लावली. तीन महिन्यांनी गाल कायम लाल, उन्हात गेलं की निखारे ठेवल्यासारखे, वरच्या ओठावर लव, कातडी इतकी पातळ की गालावर बारीक लाल शिरा दिसायच्या. ट्यूब थांबवली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा पुरळाने भरायचा, म्हणून पुन्हा लावायची. त्यातून बाहेर पडायला मला वर्ष लागलं. तेव्हा मी डी. फार्म.च्या पहिल्या वर्षाला होते, हीच त्यातली लाज.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. स्टिरॉइड सूज आणि लाली झटकन दाबतं, म्हणून जादू वाटते. पण त्यानेच नवे मुरूम येतात आणि कातडीला त्याची सवय लागते. आपल्या देशात हा प्रकार इतका पसरला की त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला वेगळं नावच दिलं, आणि २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही काय मिळतं आणि काय नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे.

ओळखायचं कसं? ट्यूबवर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीचं औषध. मग घटकांची नावं बारीक वाचा. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन: नावाच्या शेवटी 'सोन', 'सोल', 'लोन' दिसलं की थांबा. ('झोल' वेगळं, ते बुरशीचं औषध.) हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनसोबत स्टिरॉइड घातलेली क्रीम डागांसाठी म्हणून खपते, ती तर चेहऱ्याला रोज लावायचीच नाही. बिननावाच्या डबीत मिळणारं 'गोरेपणाचं नाइट क्रीम' यातच मोजा. अशी ट्यूब बरेच दिवस लावत असाल तर आज एकदम बंद करून घरी बसू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ते सोडवायची रीत सांगतील.

जे मुरूम नसतात

पावसाळ्यात कपाळावर, छातीवर, पाठीवर सगळे सारख्याच आकाराचे बारीक फोड, आणि खूप खाज. हे बऱ्याचदा मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचं काम असतं. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत ते नेहमी दिसतं. मुरमाच्या अँटिबायोटिकने ते वाढू शकतं, म्हणून खाजेची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. जिमला जाणाऱ्या मुलांनी घेतलेली इंजेक्शनं लपवू नयेत. ॲनाबॉलिक स्टिरॉइड्सने छाती-पाठीवर भयंकर मुरूम येतात, बी-१२च्या इंजेक्शनांनीही काहींना येतात. टीबीच्या औषधांनी, स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही पुरळ उठतं, पण ती औषधं आपल्या मनाने थांबवायची नाहीत.

आणि मुलींसाठी: पाळी दोन-दोन महिने लांबते आहे, हनुवटीवर राठ केस येताहेत, वजन वाढतं आहे आणि मुरूम जबड्याच्या रेषेवर आहेत, असं सगळं एकत्र असेल तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी जोडलेल्या हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या. नुसत्या ट्यूबने ते भागत नाही.

डॉक्टरांकडे कधी, आणि कुठल्या

बारा आठवडे नेमाने लावूनही फरक नाही, गाठी येताहेत, खड्डे पडायला लागलेत, किंवा मुलगा-मुलगी बाहेर पडायचंच टाळते आहे, यातलं एक जरी असेल तरी जा. शेवटचं कारण आईवडील धरत नाहीत. लग्नकार्यात "चेहऱ्याला काय झालं गं?" असं पाच जणींनी विचारलेल्या मुलीला विचारून बघा.

पाटीवर 'स्किन क्लिनिक' लिहिलं म्हणजे आत त्वचारोगतज्ज्ञ असतोच असं नाही. एमबीबीएसनंतर त्वचारोगातलं एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल बघा आणि लेटरहेडवर मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. फी झेपत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजला जा. पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम किंवा सायन, नागपूरचं मेडिकल, गोव्यातलं बांबोळी, सगळीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. केसपेपरची रांग मोठी असते, सकाळी लवकर पोहोचा. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, चार महिन्यांपूर्वीची रिकामीसुद्धा.

डॉक्टर काय देतात याचा थोडा अंदाज असू द्या. लाल, पुवाच्या मुरमांना बहुधा डॉक्सिसायक्लिन, तेही साधारण तीन महिन्यांच्या आत आटोपतं. ही कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर गिळून आडवं झालं की ती अन्ननलिकेत अडकते आणि छातीत आग पडते. पेलाभर पाणी घ्या, अर्धा तास बसून राहा. तिने ऊनही लवकर बाधतं.

गाठी आणि वण असतील तर आयसोट्रेटिनॉइन. हे १९८२ पासून वापरात आहे, आणि हट्टी मुरमांवर याच्या तोडीचं दुसरं औषध नाही. मात्र गर्भावर त्याचे फार वाईट परिणाम होतात. बायकांनी गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर निदान एक महिना दिवस राहणार नाहीत याची पक्की सोय करायची असते, सुरू करण्याआधी तपासणी करायची असते. तेवढाच काळ बायका-पुरुष कुणीच रक्तदान करायचं नाही. ओठ फुटतात, सगळ्यांचेच. खिशात साधं पेट्रोलियम जेली ठेवा. कॅप्सूल जेवणानंतर घ्या, थोडं तूप-तेल पोटात असलं की ती नीट शोषली जाते. यकृताच्या आणि चरबीच्या रक्ततपासण्या सांगितल्या तर टाळू नका, आणि मन उदास वाटायला लागलं तर लगेच कळवा. नेहमीचा हिशेब वजनाच्या दर किलोमागे एकूण १२० ते १५० मिलिग्रॅम असा असतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ४० मिलिग्रॅमने १२० चा आकडा गाठायला १८० दिवस. सौम्य मुरमांना डॉक्टर कमी डोस देतात, तिथे हा हिशेब लागू नाही. शेजारच्याच्या उरलेल्या पाकिटातून हे औषध घ्यायचं नाही, मग त्याचं वजन तुमच्याएवढं का असेना.

पार्लर, पील आणि खड्डे

मुरूम चालू असताना फेशियल, क्लीनअप, ब्लीच थांबवा. वाफ देऊन नखाने मुरूम पिळले की पू बाहेर येतो तसा आतही फुटतो, आणि खड्डा तिथेच पडतो. ब्लॅकहेड काढायचे तर त्वचारोगतज्ज्ञ निर्जंतुक अवजाराने काढतात. लग्न खरंच चार दिवसांवर आलं आणि मोठी गाठ ठणकत असेल तर डॉक्टर गाठीतच औषधाचं बारीक इंजेक्शन देऊ शकतात. घाईवर उपाय म्हणून मला एवढा एकच ठाऊक आहे.

सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक ॲसिडचे पील (ॲसिड लावून वरची कातडी सोलवणं) औषधाच्या जोडीला असतात, औषधाऐवजी नव्हे. सहा सिटिंगचं पॅकेज पहिल्याच भेटीत आगाऊ भरायला सांगितलं तर घरी जाऊन विचार करते म्हणा. खड्ड्यांचे प्रकार वेगळे आणि उपायही वेगळे. सुईच्या टोकासारख्या खोल खड्ड्यांत तीव्र ॲसिडचा थेंब, खाली चिकटलेल्या वणांना सुईने मोकळं करणं, पसरट खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग (बारीक सुया टोचणं) किंवा लेझर. खड्डे बुजून सपाट होत नाहीत, उथळ होतात. आणि हे सगळं नवे मुरूम थांबल्यावर.

खाणं

वडापावच्या तेलाने मुरूम येतात याला धड पुरावा नाही. साखर, मैदा, गोड पेयं यांनी वाढतात असं म्हणायला बऱ्यापैकी आधार आहे. दुधाचा, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा आणि व्हे प्रोटीनचा काहींच्या मुरमांशी संबंध दिसतो. महिनाभर कमी करून बघा, फोटोत फरक पडला तर ठेवा. पोट साफ नाही म्हणून मुरूम येतात, हे ऐकलं की मी विषय बदलते.

गोल पूर्ण झाल्यावर

बारावीतला तो मुलगा सहाव्या आठवड्यात आला होता. "काकू, अर्धेच गेलेत, बदलून द्या." त्याला त्याच्याच मोबाइलमधला पहिला फोटो काढायला लावला. तो बघून गप्प झाला आणि तीच ट्यूब पुन्हा घेऊन गेला.

चेहरा स्वच्छ झाल्यावर ॲडापलीन लगेच थांबवायचं नसतं. डॉक्टर बहुधा आठवड्यातून दोन-तीन रात्री चालू ठेवायला सांगतात, महिनोन्‌महिने. गणपतीत चेहरा साफ झाला म्हणून ट्यूब बंद करणारे दिवाळीच्या खरेदीला बाजारात आले की माझ्याकडेही डोकावून जातात. तेव्हा नव्या ट्यूबवर तारीख मीच पेनाने घालून देते.